भजनी मंडळाला परवडणारा रिबन माइक

पलूस हे गाव हिंदुस्थानी संगीतात एका आडनावामुळे कायमचं नोंदलं गेलं आहे. पंडित विष्णु दिगंबर यांचं कुटुंब मूळचं गाडगीळ. पलूस गावचे म्हणून ते पलुसकर झाले. 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेले विष्णुबुवा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुसकर 1955 साली, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी गेले. त्यांचं गाणं पुढच्या पिढ्यांना ऐकायला मिळालं ते ध्वनिमुद्रणामुळेच.

तेव्हा ध्वनिमुद्रण ही मुंबई-कलकत्त्याच्या स्टुडिओत होणारी गोष्ट होती. आज पलूस, भिलवडी, कुंडल, औदुंबर या पट्ट्यातला कॉलेजात जाणारा मुलगाही लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक माइक घेऊन गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करू शकतो. अशी रेकॉर्डिंग होतातही. मात्र त्यांतल्या अनेकांत पेटी टोचते, टाळ कान कापतात, आणि बुवांचा भरदार आवाज पातळ होऊन येतो. मग दोष बुवांच्या गळ्याला किंवा पेटीच्या सुरांना दिला जातो. बहुतेक वेळा तो माइकच्या निवडीत असतो, आणि त्यावर रिबन माइक हा जुना, भरवशाचा उपाय आहे. पूर्वी तो फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडायचा. आता तशी स्थिती राहिलेली नाही.

स्वस्त कंडेन्सर का टोचतो?

घरगुती स्टुडिओसाठी सर्वांत जास्त विकले जातात ते मोठ्या पडद्याचे स्वस्त कंडेन्सर माइक. त्यांतल्या बऱ्याच माइकचा पडदा न्यूमन कंपनीच्या यू 67 आणि यू 87 या प्रसिद्ध माइकांच्या पडद्यावर बेतलेला असतो. हा पडदा मुळातच वरच्या पट्टीतले स्वर उठावदार करतो. न्यूमनच्या माइकमध्ये आतलं सर्किट तो उठाव पुन्हा खाली आणतं. स्वस्त नकलेत पडदा तसाच घेतात आणि सर्किटचा हा भाग गाळतात. परिणामी आठ ते बारा किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज वाजवीपेक्षा जास्त येतो.

बोलण्याच्या रेकॉर्डिंगला किंवा मृदू आवाजाच्या गायिकेला हा उठाव कधी कधी शोभतो. आपल्या भजनात मात्र पितळी टाळ आहेत, चिपळ्या आहेत, पेटीच्या पितळी सुरपट्ट्या आहेत. मंगलवाद्यांत सनई आहे, बँड पार्टीत ट्रंपेट आणि क्लॅरिनेट आहे. या सगळ्यांत वरच्या पट्टीतला आवाज आधीच भरपूर असतो. त्यावर माइकने आणखी भर घातली की ऐकणारा आवाज कमी करतो किंवा बंदच करतो.

फितीचा माइक आला कुठून?

1920 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत सीमेन्स कंपनीत वाल्टर शॉटकी आणि एर्विन गेरलाख यांनी फितीच्या, म्हणजेच रिबन, माइकची कल्पना मांडली. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी तिला व्यवहारात आणलं, आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी आलेला आरसीए 44 रेडिओ, चित्रपट आणि तबकड्यांच्या जगात मान्य झाला. जुन्या छायाचित्रांत गायकासमोर दिसणारा मोठा, कोनदार डबा तो हाच.

हा काळ आपल्याकडच्या संगीतालाही जवळचा आहे. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी 1905 साली पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा भोंग्यासमोर गावं लागे आणि आवाजाच्या जोरावरच सुई हलत असे. 1925 पासून विजेवर चालणारं रेकॉर्डिंग सुरू झालं. 1937 साली खाँसाहेब गेले, त्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या तबकड्या माइकसमोर झालेल्या आहेत. दोन्ही काळांतल्या तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर माइकने गळ्यातले बारकावे किती खुले केले ते कोणालाही कळेल.

परवडणारा रिबन माइक ही कल्पनाही त्याच काळातली आहे. बीबीसीला आरसीएचा माइक हवा होता, पण त्याची किंमत झेपत नव्हती. म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी मार्कोनी कंपनीबरोबर 1930 च्या दशकाच्या मध्यात स्वतःचा रिबन माइक बनवला. तो आरसीएपेक्षा खूप स्वस्त पडला आणि पुढे कित्येक वर्षं ब्रिटिश रेडिओची ओळख होऊन बसला. त्यानंतर बीबीसीनेच आखलेला, आज कोल्स 4038 या नावाने मिळणारा माइक अजूनही बनतो.

कंडेन्सर माइक सुधारले तसा रिबन मागे पडला. 1998 साली अमेरिकेतल्या रॉयर कंपनीने निओडायमियम चुंबक वापरून आर 121 हा आटोपशीर, दणकट रिबन माइक आणला आणि या जातीला पुन्हा दिवस आले. पाठोपाठ चीनमधल्या कारखान्यांनी कमी किमतीचे रिबन माइक बनवायला घेतले. आपली निवड मुख्यतः त्यांच्यातूनच करायची आहे.

आत काय असतं?

रिबन माइकच्या आत दोन चुंबकांच्या फटीत अॅल्युमिनियमची एक फीत ताणून बसवलेली असते. तिची जाडी साधारण दोन ते चार मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून ती किती पातळ असते याची कल्पना यावी. पाच सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद अशा फितीचं वजन जेमतेम दोन मिलिग्रॅम भरतं. आवाजाने हवा हलली की फीतही हलते. चुंबकीय क्षेत्रात धातू हलला की त्यात वीज निर्माण होते, आणि तीच वीज म्हणजे आपला आवाज.

ही वीज फारच अशक्त असते. फितीचा विद्युत रोध एक ओहमच्या पाचव्या भागाइतका असतो. त्यामुळे माइकच्या दांड्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो व्होल्टेज साधारण तीस-पस्तीस पट वाढवतो, आणि माइकचा रोध दोनशे-तीनशे ओहमपर्यंत येतो. स्वस्त आणि महाग रिबनमधला मोठा फरक बहुतेक वेळा या ट्रान्सफॉर्मरमध्येच असतो. हलका ट्रान्सफॉर्मर खर्जातला आवाज पोकळ करतो आणि वरचा आवाज लवकर गिळतो.

फीत दोन्ही बाजूंनी उघडी असते, म्हणून माइक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो. डावीकडून, उजवीकडून, वरून किंवा खालून येणारा आवाज मात्र फितीच्या दोन्ही अंगांवर एकाच वेळी, सारख्याच दाबाने पोचतो, फीत हलत नाही, आणि तो आवाज जवळजवळ नाहीसा होतो. माइकच्या ऐकण्याचा आराखडा इंग्रजी 8 च्या आकड्यासारखा असतो तो यामुळेच.

बधिर बाजूचा उपयोग

स्वतः पेटी वाजवत गाणाऱ्या बुवांचं रेकॉर्डिंग हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग. हृदयाच्या आकाराचं, म्हणजे मुख्यतः पुढून ऐकणारं क्षेत्र असलेला माइक तोंडासमोर ठेवला तरी पेटी त्यात जोरात शिरते. मग मिक्सिंगमध्ये आवाज वाढवला की पेटीही वाढते.

रिबन माइक असेल तर तो बुवांच्या तोंडाच्या उंचीवर, तोंडापासून दीड फुटावर, जाळी तोंडाकडे करून उभा धरा. पेटी आता माइकच्या बरोबर खाली येते, आणि खालची बाजू बधिर आहे. पेटीचा थेट आवाज पुष्कळ कमी होतो. पेटीसाठी दुसरा साधा माइक लावला की दोन्ही आवाज वेगवेगळे हातात येतात. पखवाज किंवा तबला वाजवणाऱ्याला माइकच्या बरोबर डाव्या किंवा उजव्या अंगाला बसवलं की तोही बुवांच्या माइकमध्ये कमी शिरतो.

मागची बाजू जागी असते, तिचाही उपयोग करता येतो. टाळकऱ्यांना माइकच्या मागे सहा-आठ फुटांवर, बुवांकडे तोंड करून उभं करा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे कोणी किती मोठं ऐकू यायचं ते पावलं मागे-पुढे करून ठरवता येतं, आणि बसल्या जागीच निम्मं मिक्सिंग होतं.

एकाच जातीचे दोन रिबन माइक हाताशी असतील तर ते एकावर एक, परस्परांशी काटकोनात ठेवून स्टिरिओ रेकॉर्डिंग करता येतं. अॅलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने 1931 साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. अर्धवर्तुळात बसलेल्या मंडळाचं इतकं नैसर्गिक चित्र दुसऱ्या फार थोड्या पद्धतींनी मिळतं. अट एकच, जागेचा घुमारा चांगला हवा. दगडी सभामंडपात हे छान जमतं. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोकळ्या स्लॅबच्या खोलीत मागच्या बाजूने खोलीचा खणखणाटही आत येतो. तिथे माइकच्या मागे तीन-चार फुटांवर दोरीला दोन जाड वाकळा टांगाव्यात. वाकळेचा खर्च शून्य आणि फायदा नव्या माइकएवढा आहे.

कशासाठी घ्यावा, कशासाठी नको

सनई, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सारंगी, व्हायोलिन, टाळ, पेटी आणि चढ्या पट्टीतला पुरुषी आवाज यांना रिबन मानवतो. फीत वरच्या पट्टीला हळूहळू उतरते, मध्येच उसळी मारत नाही, म्हणून आवाज गोल आणि खरा वाटतो. पुढे संगणकावर वरची पट्टी तीन-चार डेसिबल चढवली तरी तो कर्कश होत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. जवारीची जी झळाळी हे कारागीर घडवतात ती बारीक वरच्या स्वरांत असते, आणि तंबोऱ्याचा आवाजही हळू असतो. तिथे छोट्या पडद्याचा कंडेन्सर जास्त न्याय देतो. टणक ठोक्याच्या सतारीला मात्र रिबन लावून पाहावा.

ढोल, ताशा आणि हलगी यांच्यासमोर जवळ रिबन लावू नये. मोठा आवाज फितीला चालतो. घात होतो तो ढोलाच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या झोताने, कारण तो फीत ताणून ढिली करतो. पाच-सहा फुटांवर, थोडा तिरका धरला तर हरकत नाही. उघड्यावरच्या कीर्तनाला, मिरवणुकीला आणि मांडवातल्या लाऊडस्पीकरच्या कार्यक्रमाला हा माइक नेऊच नये. वारा त्याचा शत्रू आहे, आणि मागची बाजू जागी असल्याने शिट्टी लवकर येते. तिथे साधा डायनॅमिक माइकच योग्य.

खरा खर्च गेनचा

रिबन माइक विकत घेऊन पस्तावलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते. आवाज बारीक येतो, आणि वाढवला की मागे सरसर ऐकू येते. याचं गणित खरेदीच्या आधी करायला हवं.

साधा, म्हणजे पॅसिव्ह रिबन माइक एका पास्कल दाबाला साधारण एक ते तीन मिलिव्होल्ट देतो. कंडेन्सर दहा ते पंचवीस देतो. सर्वांच्या परिचयाचा शुअर एसएम 58 दोनच्या जवळपास देतो. म्हणजे रिबन हा एसएम 58 एवढाच अशक्त आहे. मग अडचण कुठे येते? अंतरात. एसएम 58 गायक ओठांपाशी धरतो. रिबन दीड फुटावर ठेवावा लागतो, कारण जवळ आणला की खर्ज बेसुमार फुगतो. पाच सेंटिमीटरवरून चाळीस सेंटिमीटरवर जाणं म्हणजे अंतर तीनदा दुप्पट होणं, म्हणजे अठरा डेसिबलची घट. ही घट भरून काढणारा स्वच्छ गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची क्षमता, इंटरफेसमध्ये असायला हवा.

मृदू गाण्यासाठी साठ ते सत्तर डेसिबल गेन लागतो. फोकसराइटच्या स्कार्लेट 2आय2 या लोकप्रिय इंटरफेसच्या तिसऱ्या आवृत्तीत 56 डेसिबल मिळतात, चौथ्या आवृत्तीत 69. तिसऱ्या आवृत्तीवर रिबन तोकडा पडेल, चौथीवर भागेल. आपल्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात हा आकडा आधी पाहावा.

गेन कमी असेल तर माइक आणि इंटरफेस यांच्या मध्ये बसणारा बूस्टर मिळतो. क्लाउडलिफ्टर सीएल 1, ट्रायटन फेटहेड, एसई डायनामाइट, क्लार्क टेक्निक सीटी 1 ही त्यांतली परिचित नावं. ते पंचवीस डेसिबलच्या आसपास स्वच्छ वाढ देतात. त्यांना लागणारी 48 व्होल्टची फॅन्टम पॉवर (इंटरफेस माइकच्या वायरीतूनच पुरवतो ती वीज) ते स्वतः वापरतात आणि माइकपर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे फितीचं रक्षणही होतं. या यादीत क्लार्क टेक्निक सर्वांत स्वस्त पडतो. म्हणून माइकचं बजेट ठरवताना बूस्टरचे पैसे आधी बाजूला काढावेत.

आतच अॅम्प्लिफायर असलेले अॅक्टिव्ह रिबनही मिळतात. त्यांना फॅन्टम पॉवर लागते आणि गेनची चिंता मिटते. पण ते महाग असतात, आणि बिघडले तर दुरुस्त करायची गोष्ट एक जास्त असते. आपल्या भागात पॅसिव्ह माइक आणि वेगळा बूस्टर ही जोडी शहाणपणाची. बूस्टर दुसऱ्या डायनॅमिक माइकलाही कामी येतो.

कोणता घ्यावा?

पहिली पायरी एमएक्सएल आर 144, नेडी आरएसएम 2, सुपरलक्स आर 102 आणि जर्मनीतल्या टोमान दुकानाच्या टी-बोन आरबी 500 यांची. एमएक्सएल अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास विकला गेला आहे. भारतात येईपर्यंत वाहतूक आणि कर चढतात, ते धरूनच तुलना करावी. या पायरीवर दोन सारखे दिसणारे माइकही आवाजात वेगळे निघू शकतात, कारण फितीचा ताण हाताने जुळवलेला असतो.

दुसरी पायरी गोल्डन एज आर 1, कॅस्केड फॅट हेड आणि एसई व्हीआर 1 यांची. इथे एकसारखेपणा वाढतो. व्हीआर 1 ची वरची पट्टी इतर स्वस्त रिबनपेक्षा मोकळी आहे, म्हणून फक्त एकच रिबन घेणाऱ्याने त्याचा विचार करावा.

तिसरी पायरी बायरडायनॅमिक एम 160. 1950 च्या दशकापासून बनत असलेला हा माइक दोन छोट्या फितींचा आहे आणि मुख्यतः पुढूनच ऐकतो. त्यामुळे खराब खोलीत तो जास्त सोयीचा. त्याचा आवाज आणखी अशक्त असतो, म्हणून बूस्टर अटळ. रॉयर आर 121 आणि कोल्स 4038 यांच्या किमती हजार डॉलरच्या वर जातात. नवख्याने तिकडे वळण्याची गरज नाही.

पायरी कोणतीही असो, भारतात बिल आणि वॉरंटी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. फीत तुटली तर माइक परदेशात पाठवून ती बदलणं स्वस्त माइकला परवडत नाही.

घरी आल्यावर तपासणी

माइक हातात आल्यावर पंखा बंद करून शांत खोलीत बसावं. पुढून एक मिनिट, मागून एक मिनिट आणि बाजूने एक मिनिट, सारख्या अंतरावरून एकच मजकूर वाचून रेकॉर्ड करावा. मुख्यतः पुढून ऐकणारा एम 160 सोडला तर पुढचा आणि मागचा आवाज सारख्या मोठेपणाचा हवा, बाजूचा अगदी क्षीण. पुढे-मागे मोठा फरक असेल किंवा बाजूचा आवाज जोरात येत असेल तर फीत वाकडी बसली आहे.

मग कोणाला तरी पेटीचा खर्ज धरायला सांगून हेडफोनवर ऐकावं. फडफड किंवा कर्कर ऐकू आली तर फीत ढिली आहे किंवा चुंबकाला घासते आहे. असा माइक परतीच्या मुदतीतच बदलून घ्यावा. गुणगुण येत असेल तर माइक लॅपटॉपच्या चार्जरपासून दूर नेऊन पाहावा. ट्रान्सफॉर्मर जवळच्या विजेच्या उपकरणांचा त्रास लगेच पकडतो.

जपणूक

फितीला धोका असतो तो हवेचा, लोखंडी कणांचा आणि चुकीच्या वायरचा. माइकमध्ये फुंकर मारून तपासू नये, तोंडापुढे पॉप फिल्टर ठेवावा, आणि स्टँडवरून हलवताना वर कापडी पिशवी घालावी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली तेव्हापासून हा लोखंडकामाचा पट्टा आहे. लेथ किंवा वेल्डिंगच्या वर्कशॉपशेजारी रेकॉर्डिंगची खोली असेल तर हवेतला लोखंडी कीस माइकचं चुंबक ओढून घेतं आणि तो फितीला चिकटतो. काम संपताच माइक झाकावा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभा ठेवावा. आडवा ठेवला तर फीत स्वतःच्या वजनाने झोळते.

फॅन्टम पॉवरबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही नकोत. वायर नीट जोडलेली असेल तर 48 व्होल्ट दोन्ही तारांवर सारखे येतात आणि फितीतून प्रवाह जात नाही. सोल्डर सुटलेल्या किंवा शॉर्ट झालेल्या वायरमध्ये मात्र प्रवाहाचा झटका थेट फितीवर बसू शकतो. म्हणून प्रत्येक वायर मल्टिमीटरवर तपासावी, माइक लावताना-काढताना फॅन्टम बंद ठेवावी, आणि एकच बटण दोन्ही चॅनलना वीज देत असेल तर विशेष काळजी घ्यावी.

शेवटचा सल्ला

ज्याच्याकडे एकही माइक नाही त्याने पहिला माइक म्हणून रिबन घेऊ नये. साधा डायनॅमिक किंवा कंडेन्सर सर्व कामांना चालतो. दुसरा माइक घ्यायची वेळ येईल तेव्हा मात्र दुसरा कंडेन्सर घेण्याऐवजी पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीचा एक पॅसिव्ह रिबन आणि एक बूस्टर घ्यावा. आपल्या टाळ-पेटीच्या संगीताला त्याच पैशात याहून जास्त फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. दोन-तीन मंडळांनी मिळून घेतला तर भार आणखी हलका होतो.

आणि माइक आला की पहिलं रेकॉर्डिंग गावातल्या सर्वांत ज्येष्ठ भजनी बुवांचं करा. गळीत हंगामातली ट्रॅक्टरची वर्दळ थांबलेली एखादी संध्याकाळ निवडा, त्यांना ठाऊक असलेल्या जुन्या चाली एकामागून एक गाऊन घ्या, आणि प्रत्येक फाइलला नाव, गाव आणि तारीख घाला. या चाली बहुतेक कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या जपायचं काम आपल्यालाच करायचं आहे, आणि त्यासाठी लागणारं साधन आता आपल्या आवाक्यात आहे.